छत्तिसावा दात

हंबीररावांची फियाट त्यांच्याच उसानं बंद पाडली, असं उंब्रजमध्ये सांगतात. हे शंभर टक्के खरं नाही. वीस टक्के खरं आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये हल्ली वीस टक्के इथेनॉल असतं, ते साखर कारखान्याकडून येतं आणि कारखान्याला ऊस हंबीररावांसारखे लोक घालतात. अठ्ठ्याऐंशी सालच्या गाडीच्या थकलेल्या कार्बोरेटरला हे नवं पेय मानवलं नाही, असं निदान निजामनं केलं. निजाम मूळचा रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा. लोकांनी टीव्ही दुरुस्त करायचं सोडून फेकायला सुरुवात केल्यापासून तो विहिरींवरच्या मोटारींचे स्टार्टर दुरुस्त करतो आणि उरलेल्या वेळात निदानं करतो.

गाडी शेडमध्ये विटांवर चढली आणि दोन वर्षं उतरली नाही.

हंबीरराव फौजेतून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. तिथं ते गाड्या दुरुस्त करणाऱ्या पलटणीत होते. त्या नोकरीनं त्यांना तीन गोष्टी दिल्या : पेन्शन, कमरेचा पट्टा आणि कुठलंही यंत्र बंद पडलं की ते आपल्यालाच उद्देशून बंद पडलंय, अशी समजूत. फियाट त्यांनी जम्मूच्या पोस्टिंगनंतर घेतली होती आणि घरच्यांपेक्षा तिच्याशी जास्त बोलायचे. ती उलट उत्तर देत नसे, हे एक कारण असावं.

उलट उत्तर संयोगिताबाई द्यायच्या. त्यांच्या बचत गटाला मिरची कांडपाचं यंत्र मिळायचं होतं आणि त्यासाठी थ्री-फेज लाईन असलेली शेड पाहिजे होती. तशी शेड त्यांच्याकडं एकच होती, आणि तिच्यात एक बाई आधीच ठाण मांडून बसली होती.

"दोन वर्षं झाली गाडी विटांवर बसून," संयोगिताबाई म्हणाल्या. "कोंबडीसुद्धा एकवीस दिवसांत उठती."

त्या दिवशी त्यांचा भाऊ मानसिंग सांगलीहून आलेला होता. मानसिंगनं सहा वर्षांत तीन गाड्या बदलल्या होत्या आणि तिन्ही बदलताना आधीची कशी टाकाऊ होती हे त्यानं सगळ्यांना पटवून दिलं होतं.

"दाजी, आक्का बरोबर बोलतीया," तो म्हणाला. "माझ्या वळखीचा भंगारवाला हाय, शाहनवाज. दारात येऊन कापून न्हेतो."

"कापून?" हंबीररावांनी कप खाली ठेवला.

"मग काय, काखेत मारून न्हील?"

"ती बंद न्हाई. तिला मेंदू न्हाई, एवढंच. नव्या गाडीत कार्बोरेटर नसतो, कॉम्प्युटर असतो. किती पेट्रोल, किती हवा, ठिणगी कवा, समदं तो ठरवतो. मी तिला तसा मेंदू करून घालणार."

"घरी?"

"घरी."

मानसिंगनं बहिणीकडं पाहिलं. बहिणीनं छताकडं पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "दसऱ्याला समदं गाव शिलंगणाला जातं. तुमची गाडी तवा स्वतःच्या जोरावर गावची शीव ओलांडून गेली, तर राहील. ढकलायची न्हाई, बैलं लावायची न्हाईत, टोचन करायचं न्हाई. न्हाईतर शाहनवाजला मी स्वतः चहा करून देईन."

हंबीरराव उठून सावधान उभे राहिले. होकार द्यायची त्यांची ती पद्धत होती.

कामाची वाटणी झाली. कमरेच्या पट्ट्यामुळं हंबीररावांना वाकता येत नव्हतं, म्हणून बॉनेटखालचं सगळं निजामचं आणि डॅशबोर्डच्या वरचं सगळं हंबीररावांचं. इंटरनेटवर अशी उपद्व्यापी मंडळी जगभर आहेत. त्यांनी प्रोग्राम फुकट ठेवलेला असतो. हंबीररावांनी तो उतरवून घेतला. छोटा बोर्ड टपालानं आला. पेट्रोलचे इंजेक्टर आणि हवेची झडप सांगलीत मोडीत निघालेल्या एका गाडीची मिळाली, तीही शाहनवाजच्याच गोदामात. निजामनं रात्रंदिवस सोल्डरिंगचे डाग लावून बोर्ड पुरा केला आणि म्हणाला, "सुभेदार, ह्याला घर पायजे. पत्र्याचं."

दुसऱ्या दिवशी संयोगिताबाईंच्या चार कप्प्यांच्या जेवणाच्या डब्याचा खालचा कप्पा गायब झाला. तो सापडला तेव्हा त्याला चौदा भोकं पडली होती आणि त्यातून वायरी बाहेर आल्या होत्या.

"उरलेल्या तीन कप्प्यांचं काय करू?" त्यांनी विचारलं.

"स्पेअर," हंबीरराव म्हणाले.

तेव्हापासून त्या मेंदूला गावात डबा म्हणतात.

आता एकच वस्तू राहिली होती. डब्याला इंजिन फिरताना दिसत नाही. इंजिनाच्या पुढच्या पुलीवर एक दातेरी चक्र बसवायचं आणि त्याच्या शेजारी एक सेन्सर. दात समोरून गेला की सेन्सर डब्याला कळवतो. दात छत्तीस, पण त्यातला एक मुद्दाम ठेवायचा नाही. ती मोकळी जागा आली की डबा ओळखतो, फेरा इथून सुरू झाला, आणि मग कुठला पिस्टन कुठं आहे ते त्याला कळतं. परेडमध्ये एक जागा रिकामी सोडली की गिनती कुठून धरायची ते आंधळ्यालाही कळतं, तसंच हे. हंबीररावांनी जाड कागदावर चक्राचं चित्र काढलं, फटीभोवती लाल पेन्सिल फिरवली, बाजूला '३६ वजा १' लिहिलं आणि कागद सांगलीच्या आप्पासोंकडं पाठवला.

आप्पासोंचं कुपवाडला लेथचं दुकान. वय सत्तरच्या पुढं. उभं आयुष्य त्यांनी गुऱ्हाळाच्या चरकांची चक्रं केली. अशा दुकानात गिऱ्हाईक कधीच चांगलं चक्र घेऊन येत नाही. मोडलेलं चक्र आणतं आणि म्हणतं, ह्याच्यासारखं द्या. 'ह्याच्यासारखं' म्हणजे मोडलेलं नव्हे, हे आप्पासोंना पन्नास वर्षं न सांगता कळत आलं होतं.

त्यांनी हंबीररावांचा कागद उन्हात धरला. चित्र नामी होतं. माणसानं मोडका दातसुद्धा प्रामाणिकपणे मोडका काढला होता, वर लाल खूण करून कबूलही केलं होतं की छत्तिसांतला एक गेलाय. आप्पासोंना त्या प्रामाणिकपणाचं कौतुक वाटलं आणि जरा कीवही आली. त्यांनी छत्तीस दातांचं चक्र केलं, एकेक दात कानशीनं साफ केला, ग्रीस लावून कागदात गुंडाळलं आणि न्यायला आलेल्या निजामच्या हातात दिलं.

"सुभेदारांना सांगा, काळजी करू नका," ते म्हणाले. "समदं बरोबर करून दिलंय."

निजामला मोकळ्या जागेचं काही माहीत नव्हतं. हंबीररावांचा फौजेपासूनचा नियम होता की ज्याला जेवढं लागतं तेवढंच त्याला सांगायचं. चक्र बसवायला फट लागत नाही. निजामनं ते पुलीवर बसवलं, सेन्सर लावला आणि वाकता न येणाऱ्या मालकासाठी मोबाईलवर फोटो काढला. फोटोत अर्धं चक्र आलं. फट पलीकडच्या अर्ध्यात असणार, असं हंबीररावांनी धरलं.

गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा सेल्फ मारला.

इंजिन घुंऽव घुंऽव फिरलं. पेटलं नाही. लॅपटॉपवर एक लाल चौकोन आला, त्याचा अर्थ : मी कुठं आहे ते मला कळत नाही.

"ह्याला कळंना," हंबीरराव म्हणाले.

"आपल्याला तरी कुठं कळतंय," निजाम म्हणाला.

पुढच्या आठवड्यात सेन्सर बदलला. त्याच्या पुढच्या आठवड्यात वायर बदलली. मग सेन्सरची वायर प्लगच्या वायरींपासून लांब नेली, कारण इंटरनेटवरच्या एका माणसानं तसं सांगितलं. मग जवळ आणली, कारण दुसऱ्यानं तसं सांगितलं. रोज संध्याकाळी शेडमधून घुंऽव घुंऽव आवाज यायचा आणि रोज रात्री बॅटरी चार्जिंगला लागायची. गावातले लोक त्यावर घड्याळं लावू लागले.

"चक्र नीट हाय न्हवं?" हंबीरराव दर दोन दिवसांनी विचारायचे.

"एकदम नीट. आप्पासोंचा हात हाय सुभेदार, एक दात इकडचा तिकडं न्हाई."

"मग झालं."

मानसिंग फोन करायचा. "दाजी, शिलंगणाला आमी येतोय. गाडीत बसूनच जाऊ म्हणतो. तुमच्या न्हवं, माझ्या."

बघता बघता खंडेनवमी आली. संयोगिताबाईंच्या माहेरचा रिवाज कडक : घरातलं झाडून सगळं हत्यार धुऊन पुसून पाटावर मांडायचं, हळद-कुंकू वाहायचं आणि दुसऱ्या दिवशी शिलंगण होईस्तोवर त्याला हात लावायचा नाही. हातोडा, पाने, करवत, कानस, ड्रिल, खुरपी, विळे, सगळं पाटावर गेलं. निजामची पेटीही दरवर्षी इथंच बसायची, कारण त्याच्या घरी ती पुजायची पद्धत नव्हती आणि एकटी राहिली तर तिला वाईट वाटेल, असं संयोगिताबाईंचं मत होतं. तिच्या शेजारी हंबीररावांचा लॅपटॉप ठेवायला त्या निघाल्या, तेव्हा मात्र हंबीररावांनी तो छातीशी धरला.

"हे हत्यार न्हाई. हे कागद हायत."

"उद्या संध्याकाळपर्यंत कागदावरच चालवा मग."

दसऱ्याच्या दिवशी दुपारी बाराला फोन वाजला. कुपवाडहून आप्पासो. दर सणाला गिऱ्हाइकांना फोन करायची त्यांची पद्धत.

"सुभेदारसाहेब, दसऱ्याच्या शुभेच्छा. गाडी पळाली का?"

"न्हाई अजून, आप्पासो. थोडं राहिलंय."

"पळंल, पळंल. चक्राची काळजी करू नका. तुमच्या चित्रात एक दात मोडका व्हता, तो मी भरून दिलाय. तवा बोललो न्हाई. म्हटलं फौजी माणूस हाय, चूक दाखवली तर वाईट वाटंल."

तीन आठवडे, दोन सेन्सर आणि वीसेक बॅटऱ्यांइतकी वीज हंबीररावांच्या डोळ्यांसमोरून गेली.

"आभारी हाय, आप्पासो," ते म्हणाले. "दसऱ्याच्या शुभेच्छा."

फोन ठेवून ते शेडकडं जवळजवळ धावले. कमरेच्या पट्ट्यात धावलेला माणूस उंब्रजनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

"निजाम! चक्राला दात किती?"

"छत्तीस." निजामचा चेहरा फुलला. "मी मोजल्यात."

"पस्तीस पायजेत!"

हंबीररावांनी त्याला फटीचं सगळं सांगितलं. ऐकून निजाम हळूच स्टुलावर बसला.

"सुभेदार, हे आधी सांगायचं व्हतं."

"तुला लागत नव्हतं."

"आता लागतंय न्हवं?"

दात कापायला पाच मिनिटं पुरली असती. पण करवत पाटावर होती, कानस पाटावर होती आणि पाटाशेजारी संयोगिताबाई पुरणाचा कट ढवळत होत्या. हंबीररावांनी आत डोकं घातलं.

"नुसती एक कानस. पाच मिन्टं."

"न्हाई."

"शेजाऱ्यांची आणू?"

"त्यांचीबी पाटावर हाय. आणि आज दुसऱ्याचं पुजलेलं हत्यार मागाल, तर मी तुमच्याबरोबर शिवेपर्यंत येणार न्हाई."

ही धमकी खरी होती. गाडीनं शीव ओलांडल्याच्या साक्षीदार म्हणून त्याच बसणार होत्या. हंबीरराव परत शेडमध्ये आले. निजामनं स्वयंपाकघराच्या मागं पडलेला एक खिळा दाखवला. दोघांनी खिळ्याकडं पाहिलं, मग चक्राकडं, आणि निजामनं खिळा खिशात टाकला.

दीड वाजता फाटकात हॉर्न वाजला. पुढं मानसिंगची नवी गाडी, मागं एक टेम्पो. टेम्पोतून चाळिशीचा एक गडी उतरला आणि त्यानं खांद्यावरच्या पोत्यातून ग्राइंडर बाहेर काढला.

"दाजी, ह्यो शाहनवाज," मानसिंग म्हणाला. "म्हटलं संध्याकाळी परत फेरी कशाला. आत्ताच घेऊन आलो."

हंबीररावांनी शाहनवाजकडं पाहिलंच नाही. ते ग्राइंडरकडं पाहत होते.

"ह्याची पूजा केली का काल?"

शाहनवाज गोंधळला. "न्हाई जी. आमच्यात न्हाई करत."

"बरं झालं. प्लग तिकडं हाय."

"दाजी, तुमी स्वतःच कापायला सांगताय?" मानसिंगचा आवाज भरून आला.

"व्हय. पण एक दात."

निजामनं शाहनवाजला सगळं समजावून सांगितलं. या वेळी त्यानं काहीच शिल्लक ठेवलं नाही. शाहनवाजनं बॉनेटखाली डोकं घातलं आणि ओळखीचं काही दिसावं तसा तो थांबला.

"ह्ये इंजेक्टर माझ्याकडनं न्हेल्यात न्हवं?"

"व्हय."

"मग चालूच झाली पायजे राव. लोक म्हणतील, शाहनवाजचा माल पेटत न्हाई."

मानसिंग म्हणाला, "अरं, तू गाडी कापायला आलायस!"

"कापतोय की," शाहनवाज म्हणाला. त्यानं आपल्याच पान्यांनी रेडिएटर उतरवला. गाडी भंगारात घेतली असती तरी पहिल्यांदा तोच उतरवला असता, त्यामुळं हात बसलेला होता.

"कुठला दात काढू?"

"कुठलाबी," हंबीरराव म्हणाले. "पहिला पिस्टन वर आणून ठेव. तिथनं फट किती दात लांब हाय ते मी डब्याला सांगतो."

ग्राइंडर किंचाळला. ठिणग्या उडाल्या, निजामनं सेन्सरवर ओलं फडकं धरलं, आणि छत्तिसावा दात खणकन फरशीवर पडला. मानसिंगनं तो उचलून पाहिला आणि गरम असल्यामुळं लगेच टाकला. निवल्यावर निजामनं तो हंबीररावांच्या खिशात घातला.

रेडिएटर परत चढला. हंबीररावांनी लॅपटॉपवर आकडा घातला आणि सेल्फ मारला. सायलेन्सरमधून असा बार उडाला की आळीतली सगळी कुत्री एकदम वाड्यांमागं गेली. आकडा उलट्या बाजूनं मोजला गेला होता. हंबीररावांनी तो सुलट केला. इंजिन घुंऽव झालं, दुसऱ्यांदा घुंऽव झालं, आणि पेटलं. लाल चौकोन हिरवा झाला. निजाम इंजिनाला कान लावून उभा राहिला, पूर्वी रेडिओला लावायचा तसा.

पाचला गाव शिलंगणाला निघालं. पुढं पालखी, मागं माणसं, त्यांच्या मागं फियाट. पुढच्या सीटवर संयोगिताबाई, मांडीवर आपट्याच्या पानांचं ताट. मागं निजाम, मांडीवर लॅपटॉप. त्याच्या शेजारी शाहनवाज, त्याला कुणी बोलावलं नव्हतं. सर्वांत मागं मानसिंगची गाडी, आणि आत मानसिंग एकटाच.

गाडी माणसांच्या चालीनं जात होती, म्हणजे हंबीररावांनी आकडे भरले होते तेवढ्या वेगानं. सपाटीवर ती शहाण्यासारखी चालली. पण शिवेचा दगड ओढ्याच्या पुलापलीकडं, चढावर. पूल ओलांडून गाडीनं चढाला तोंड लावलं आणि इंजिन धापा टाकू लागलं. एक झटका. दुसरा झटका. पायी चालणारी एक म्हातारी त्यांना मागं टाकून गेली आणि वळून म्हणाली, "या, या."

"मी उतरू का?" संयोगिताबाईंनी विचारलं.

"बसा!"

"ढकलणार तर न्हाई न्हवं कुणी?" मागच्या गाडीतून मानसिंग ओरडला.

दगड साठ पावलांवर होता. हंबीरराव म्हणाले, "निजाम, पेट्रोल कमी पडतंय तिला. का कमी पडतंय? परदेशातल्या माणसाचे आकडे जशेच्या तशे घातल्यात..." आणि मग त्यांनी स्टिअरिंगवर थाप मारली. "आरं, त्यानं साध्या पेट्रोलचे घातल्यात! आपल्यात ऊस हाय! उसाला जास्त वतावं लागतं. आपला ऊस धरायचा राहिला!"

"किती धरू?"

"सात टक्के!"

"कुठं?"

"समद्या तक्त्यात!"

निजामच्या बोटांना डाग लावायची सवय होती, टाईप करायची नव्हती. त्यानं सात ऐवजी सत्तर दाबलं. गाडीनं मागं काळ्या धुराचा लोट सोडला आणि मानसिंगची नवी पांढरी गाडी त्यात दिसेनाशी झाली. शाहनवाजनं वाकून शून्य पुसलं. इंजिनानं एकदा ढेकर दिल्यासारखा आवाज केला, मग घसा साफ झाला, आणि फियाट चढ चढू लागली. म्हातारीला तिनं दगडापाशी गाठलं. दोघी बरोबरच शिवेपार गेल्या.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. हंबीररावांनी गाडी आपट्याच्या झाडाखाली उभी केली, पण बंद केली नाही. पुन्हा सुरू होईल की नाही हा मुद्दा त्यांना गर्दीत काढायचा नव्हता. संयोगिताबाईंनी ताटातलं एक पान नवऱ्याला दिलं, एक निजामला, एक शाहनवाजला आणि एक डब्यावर ठेवलं.

"राहिली म्हणायची गाडी," हंबीरराव म्हणाले.

"राहिली. पण शेडमध्ये न्हाई," संयोगिताबाई म्हणाल्या. "चालती गाडी शेडमध्ये कशाला? आंब्याखाली लावा. कांडप यंत्र सोमवारी येतंय."

हंबीररावांनी अटी मनातल्या मनात पुन्हा तपासल्या. शेडचं त्यांत काही नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला.

"चालली का सुभेदारसाहेब?" पलीकडून आप्पासो. "मला चैनच पडंना."

हंबीररावांनी चालू इंजिनाचा आवाज ऐकवायला फोन बॉनेटजवळ नेला, मग परत कानाला लावला. निजाम आणि शाहनवाज त्यांच्या तोंडाकडं बघत होते.

"चालली, आप्पासो. तुमच्या चक्रावरच चालली."

"बघा! मी म्हणलं न्हवतं? मोडक्या दातानं काय चाललं असतं का?"

हंबीररावांनी एकदा खिशातला दात चाचपला. "न्हाई," ते म्हणाले. "कुठलं चालतंय."

आप्पासो इतके खूश झाले की त्यांनी आणखी एक चक्र केलं, स्पेअर म्हणून, आणि एसटीच्या पार्सलनं पाठवून दिलं. छत्तीस दात, सगळे साफ केलेले. संयोगिताबाईंनी ते कांडप यंत्राच्या हलणाऱ्या पायाखाली घातलंय. यंत्र आता जराही हलत नाही.